शाळेतली लेखिका

नागपूर, १४ ऑक्टोबर

मायाआत्या,
सप्रेम जय भीम.

मी यंदा बारावीच्या परीक्षेला बसणार नाही. हे मला आज आमच्या वर्गशिक्षिका अरुंधती मॅडमनी सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शनिवारी बाबा शाळेत येऊन प्राचार्यांना भेटले. "हे वेदिकाचं लिखाणाचं वर्ष आहे, परीक्षा ती पुढच्या वर्षी देईल," असं बोलून गेले. मॅडमना वाटलं मला माहीत आहे. मीही "हो, माहीत आहे" म्हणून जागेवर येऊन बसले. सगळा वर्ग पाहत होता.

मोठी गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची, बाकीचं मागून, हे बाबांनीच शिकवलं. म्हणून सुरुवात अशी केली.

कागदावर लिहिते आहे, कारण फोन आता माझा राहिला नाही. असतो माझ्याच हातात. पण मी त्यात जे काही लिहीन ते बाबांच्या आणि मावशीच्या अश्विनदादाच्या फोनवरही दिसतं. हे पत्र मेघा टाकेल, माझ्या बाकावरची. तू उत्तर दिलंस तर तिच्याच पत्त्यावर दे, मागे लिहिला आहे.

एप्रिलमधल्या माझ्या पुस्तकाच्या कार्यक्रमानंतर तू आमच्याकडे आली नाहीस. पेजही पाहत नसशील. तेव्हा कुठवर आलं ते सांगते. 'तलाठ्याची तिसरी मुलगी' चालूच आहे. अॅपवर रोज संध्याकाळी साडेसातला एक भाग. त्यातली जयवंता अजून सासरी गेली नाही, वाचक जाऊ देत नाहीत. पेजवर दोन लाखांच्या वर माणसं झाली आहेत आणि नावाखाली अजून तेच लिहिलं आहे: शाळेतली लेखिका. अश्विनदादा मिहानमधल्या नोकरीची रविवारची सुटी आमच्या गच्चीवर घालवतो. मी युनिफॉर्म घालून, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून वहीत लिहीत बसते, तो व्हिडिओ काढतो. भाग मी फोनवर अंगठ्यानं लिहिते. वही कोरी असते. आमच्या बारावीत रिबिनी कोणी बांधत नाही, हे तू त्या कार्यक्रमात माइकसमोर म्हणालीस आणि बाबा तुला म्हणाले, "ताई, माझ्या घरी पाय ठेवू नको." त्यानंतर या घरात रिबिनींबद्दल कोणी काही बोललं नाही.

तर कारण हे आहे. मार्चमध्ये शाळा संपली की ती ओळ बदलावी लागेल. अश्विनदादा म्हणतो, "पब्लिकले शाळेतली पोरगी पाहिजे वं. कॉलेजात गेली का तू बी त्या हजार लेखकांतली एक. मंग कोण विचारते?"

अभ्यास बरा चालला आहे. तब्येतही बरी आहे.

तुझी
वेदिका


नागपूर, २ नोव्हेंबर

मायाआत्या,
जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. गडचिरोलीला पत्र पोचायला वेळ लागतो असं पोस्टातले म्हणाले, मी तेच धरून चालते आहे.

बाबांशी बोलले. ते तांदूळ निवडत बसले होते. बोलायचं नसलं की हल्ली ते आईची कामं करतात.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं रडली असती. मंग त्या दिवशीचा भाग कोणं लिहिला असता?"

"बाबा, बारावी आहे."

"आहे ना. पुढच्या साली बी आहे. शाळा काही पळून नाही चालली. आबानं आमाले काहून शिकवलं? नाव व्हावं म्हणून. तुह्यं झालं. अठरा वर्षं पुरी व्हायच्या आधी झालं."

आजोबांचं नाव निघालं आणि आम्ही दोघंही तांदळाकडे पाहत राहिलो. धोंडबाआजोबा गिरणीत रात्रपाळी करून सकाळी तुम्हा भावंडांना शाळेच्या दारापर्यंत सोडायचे, हे मला बाबांनीच कितीदा सांगितलं आहे.

मला त्यांच्यावर रागावता येत नाही, हीच अडचण आहे. वीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्राची पानं लावली. दुसऱ्यांचे लेख, दुसऱ्यांची नावं. मग पानं दुसऱ्या शहरात लागायला लागली आणि नोकरी जाऊन ते घरी बसले. माझी पहिली कथा अॅपवर आली तेव्हा त्यांनी ती छापून, कापून, पान लावून भिंतीवर चिकटवली होती. कोणी मागितलं नव्हतं. रात्री पान वेळेवर छपाईला सुटलं पाहिजे, बाकी सगळं नंतर, असं ते म्हणायचे. मी तशीच लिहायला शिकले. तीन वर्षांत एकही भाग चुकला नाही. ताप असतानाही.

आता खरी गंमत ऐक. सुटीच्या आठवड्यासाठी पानं आधीच लावून ठेवायची, ही त्यांच्या छापखान्याची रीत. मी मे महिन्यापासून तेच करत होते. रोजचा भाग झाला की थोडा पुढचा लिहायचा. जानेवारी-फेब्रुवारी पुरतील इतके भाग साठले होते. ते दोन महिने मी फक्त अभ्यास करणार होते. त्या फाइलला मी 'जुने' नाव दिलं होतं, म्हणजे कोणी उघडणार नाही. पण खातं एकच. गेल्या रविवारी अश्विनदादा एक जुना फोटो शोधत होता.

"अबे! ही पोरगी आहे का फॅक्टरी?" तो गच्चीवरून ओरडत खाली आला. "मावसाजी, हे पाहा. पन्नासच्या वर भाग तयार ठेवलेत हिनं!"

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांना वाटलं, मी छापखान्याची रीत शिकले. शिकलेच होते. ते भाग अभ्यासाच्या दिवसांसाठी होते असं मी म्हणाले, पण तोवर दादा अॅपवाल्यांशी बोलत होता. परवापासून रोज दोन भाग जातात, साडेसातला आणि साडेनऊला. साठवलेले डिसेंबरात संपतील. मग रोज दोन लिहायचे.

घटक चाचणीचा निकाल लागला. तो राहू दे. अक्षर वाकडं आलं आहे त्याला कारण अंगठा दारात सापडला, विशेष काही नाही.

तुझी
वेदिका


नागपूर, २६ नोव्हेंबर

मायाआत्या,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. मेघानं ते डब्यात पोळीखाली ठेवून दिलं, त्यामुळे एका कोपऱ्यावर तेल आहे. चार ओळीच लिहिल्यास तू: आईशी बोल. फॉर्मची शेवटची तारीख विचार. मी नर्स आहे, अंगठा दारात सापडला तर नख काळं पडतं, अक्षर वाकडं होत नाही. खरं लिही.

खरं लिहिते. अंगठ्याची शीर सुजली आहे. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि फोनवर लिहायचं नाही म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, मग बोलून लिही. आता मी भाग बोलते, फोन उतरवून घेतो. अकाउंट्समध्ये नापास आहे. इंग्रजीत कशीबशी पास. मला झोप लागते पण झोपेत मी जयवंताचं पुढे काय करायचं ते ठरवत असते आणि सकाळी आठवत नाही.

आईशी बोलले. ती अंगणवाडीतून आली होती, पोषण आहाराचं पातेलं घासत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी काय बोलू वं? माह्यं बोलणं या घरात कोण लाइक करते?" मग स्वतःच हसली. पण रविवारी दादा तिपाई लावत असताना तिनं त्याला दारातच धरलं. "अश्विन, तुले नोकरी नाही का रे? ते करत जाय. पोरीचा हात पाय, कसा झाला तो."

"मावशी, मी तं तिच्यासाठीच करून राहिलो ना. तिलेच विचारा, आवडते का नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वेणीची रिबीन आवळली.

आत्या, हेही लिहायला पाहिजे. तुला वाटत असेल मला कोणी बांधून ठेवलं आहे. तसं पूर्ण नाही. काटोलच्या एक बाई लिहितात की त्या संत्री निवडताना माझे भाग मोठ्यानं लावतात आणि सगळ्या बाया हात थांबवून ऐकतात. असं कोणी लिहिलं की मला पुढचा भाग लिहावासाच वाटतो. मला लिहायचंच आहे. फक्त आज नको, असं एखाद्या दिवशी म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नाही. रिबिनी नसताना शाळेतून घरी येते, कोणी ओळखत नाही, तरी मी मागे वळून पाहते, कोणी ओळखलं का म्हणून.

या आठवड्यात दादानं पेजवर मतं मागवली. 'वेदिकानं यंदा बारावी द्यावी की आधी जयवंताची कथा पूर्ण करावी?' मला विचारलं नाही. कथेला जास्त मतं पडली, पुष्कळ जास्त. खाली लोकांनी लिहिलं आहे, परीक्षा दरवर्षी येते ताई. जयवंताला अर्ध्यात सोडलंत तर पाप लागेल. एकानं लिहिलंय, दोन्ही करा, रिबीन छान. मी निकाल पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. कशासाठी, कोण जाणे. मेघा म्हणाली, "तू येडी आहेस का वं? तुह्या परीक्षेवर माह्या मामीनं मत टाकलं. माह्या मामीले तू माहीत बी नाही."

तारीख विचारली. विलंब शुल्कासह शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. मॅडम म्हणाल्या, "बारा तारखेला तू अठराची होशील. मग तू स्वतः येऊन सही केलीस तर शाळा तुला अडवू शकत नाही. मी बोलून ठेवते." मॅडम चांगल्या आहेत. पण सही करून मला त्याच घरी परत जायचं आहे, रात्री त्याच ताटावर बसायचं आहे. त्यांना वाटतं सही केली की झालं.

तुझी
वेदिका


नागपूर, १४ डिसेंबर

मायाआत्या,
जय भीम.

फॉर्म भरला गेला. अरुंधती मॅडमनी काल दुपारी सांगितलं. बाबा स्वतः आले, उभ्याउभ्या सही केली, चहाला थांबले नाहीत.

बारा तारखेचं सांगते. वाढदिवस साडेसातच्या भागाच्या जागी लाइव्ह करायचा ठरला होता. दादानं केक आणला, त्यावरही लाल रिबिनी, क्रीमच्या. काय बोलायचं ते त्यानं मला पाठ करायला लावलं: मी अठरा वर्षांची झाले, आता वर्षभर रोज दोन भाग तुमच्यासाठी. मी ते नीट पाठ केलं होतं. विसरले नाही. मी दुसरं बोलले.

"मी आज अठरा वर्षांची झाले," मी म्हणाले, "आणि मी यंदाच बारावी देणार आहे. फॉर्मची शेवटची तारीख पंधरा आहे."

 मग आईनं टाळ्या वाजवल्या. तिच्या हातात सुरी होती, ती खाली पडली, तेही सगळं लाइव्ह गेलं. मग पडद्यावर बदामांचा पाऊस. पंधरा दिवसांपूर्वी कथेला मत देणारीच माणसं शाब्बास, शाब्बास लिहीत होती. बाबा माझ्या शेजारी होते, चौकटीत होते, त्यामुळे त्यांना हसावं लागलं. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सुटलेलं पान परत बोलावता येत नाही. मी घरात बोलले असते तर पान सुटलंच नसतं.

नंतर ते गच्चीवर गेले. मी मागे गेले.

"मले घरात सांगता येत नव्हतं का वं? दोन लाख लोकायसमोरच सांगाचं होतं?"

"सांगितलं होतं, बाबा."

"एकट्याले सांगतलं असतं."

"एकट्यालाच सांगितलं होतं. तुम्ही तांदूळ निवडत होता."

ते टाकीला टेकले. मला म्हणाले, खाली जाय, थंडी आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे पत्र हसत लिहिलं असतं. खाली आले तर दादा केक खात खात कॉमेंट वाचून दाखवत होता. त्याला राग आलाच नव्हता. "वेदू, तू जिनियस आहेस! कथेवर इतके लोक कधी आले नव्हते. 'लेखिकेची बारावी'! रोज अभ्यासाचा एक व्हिडिओ. पेपरच्या दिवशी गेटवरून लाइव्ह. पब्लिकनंच तुले परीक्षा दिली ना, मंग पब्लिकले दाखवावी लागेल."

बाबांनी त्याला नाही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, आत्या. मी परीक्षा लोकांच्याच दारात उभं राहून मागितली होती. आता दार बंद करा कसं म्हणू?

तुझी
वेदिका


नागपूर, ९ फेब्रुवारी

मायाआत्या,
जय भीम.

उद्या इंग्रजीचा पेपर आहे. केंद्र आमचीच शाळा. मॅडमनी माझा बैठक क्रमांक आणि खोली दोन्ही पाहून सांगितलं, पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ.

जानेवारीभर मी तिपाईसमोर अभ्यास केला. पान सावकाश उलटायचं, पेन ओठाला लावायचं, मध्येच खिडकीबाहेर पाहायचं. एकदा ताळेबंद जुळत नव्हता तर शेकड्यानं लोकांनी चूक दाखवली. त्यातल्या एका सावनेरच्या निवृत्त शिक्षकानं ती समजावूनही दिली, चांगली समजावली. दुसऱ्या दिवशी दादानं मला मुद्दाम चुकायला सांगितलं. खरा अभ्यास अंगणवाडीत झाला. आई मला मदतीला म्हणून सोबत न्यायची आणि मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांजवळ बसवायची. बाहेर मुलं बडबडगीतं म्हणायची. आता माझं अर्थशास्त्र त्या चालीवर पाठ झालं आहे. भाग पुन्हा रोज एकच जातो, तोही छोटा. जयवंता तीन आठवड्यांपासून सासरच्या एसटीत बसून आहे. गाडी पोचतच नाही. वाचक चिडले आहेत.

अंगठा बरा आहे. हे खरं आहे, यावेळी.

बाबांचं सांगायचं राहिलं. आज सकाळी त्यांनी माझ्या सगळ्या पेनांत नवीन रिफिल घातल्या, प्रत्येक पेनानं कागदावर रेघ ओढून पाहिली आणि पेनं एका पिशवीत भरली. मग म्हणाले, "उद्या रिबिनी बांधशील ना? अश्विन विचारून राहिला." मी म्हणाले, बघू. ते गेले नाहीत, तिथंच उभे राहिले.

"माह्या पहिल्या पेपरले आबा गिरणीची पाळी सोडून आले होते," ते म्हणाले. "गेटाबाहेर उभे राहिले, पेपर सुटेपर्यंत. मी येतो उद्या तुह्यासंगं. दहा वाजता निघू."

मला म्हणायचं होतं, तुम्ही या, फक्त तुम्ही. दहाला दादाचं लाइव्ह सुरू होतं, म्हणून दहा, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी "हो बाबा" म्हणाले.

पण मी दहाला निघणार नाही. आई मला साडेआठला स्कूटरवर नेणार आहे, बाबा आंघोळीला गेले की. शाळेला बालवाडीच्या बाजूनं एक लहान गेट आहे. झाडलोट करणाऱ्या बायजाबाई ते सकाळी उघडतात आणि नऊला कुलूप लावतात. मॅडम त्यांच्याशी बोलल्या आहेत. बायजाबाईंनी मेघाजवळ निरोप दिला: "येऊ दे पोरीले, पण फोटोगिटो काढला तं मी झाडू घेऊन येईन." साडेदहापर्यंत मी ग्रंथालयात बसेन.

आईला विचारलं, बाबांना काय सांगशील? ती म्हणाली, "सांगीन मी." कधी, ते तिनं सांगितलं नाही. ते आंघोळ करून, चांगला शर्ट घालून, पेनांची पिशवी घेऊन बाहेर येतील आणि मी नसेन. पेनं मी आत्ताच काढून घेतली आहेत. एक त्यांच्यासाठी पिशवीत ठेवलं आहे. कशासाठी, मलाही नीट कळलं नाही.

तू येऊ का म्हणून विचारलंस. ये. हे पत्र मेघाचा भाऊ आज रात्रीच्या गडचिरोलीच्या बसमध्ये कंडक्टरजवळ देणार आहे. पहाटे स्टँडवर ये, असं तो तुला फोन करून सांगेल; पत्र घेतलंस की तिथूनच नागपूरची बस पकड, पेपर सुटायच्या आत पोचशील. मोठ्या गेटवर ये. अश्विनदादाशी भांडू नको, तेही लाइव्ह जाईल. बाबा तिथं येतीलच. मी नाही हे कळल्यावरही येतील. त्यांच्या शेजारी उभी राहा. काही बोलली नाहीस तरी चालेल.

दहाला लाइव्ह सुरू होईल. काही वाचकही येणार आहेत, दादानं बोलावलं आहे. ती कुठं आहे म्हणून लोक विचारतील, दादा काहीतरी सांगून वेळ काढेल. अकराला पेपर हातात पडेल. आत फोन चालत नाही. तीन तास मी जे लिहीन ते एकच माणूस वाचेल आणि त्याला माझं नाव कळणार नाही.

दोनला घंटा होईल. लहान गेटाला तेव्हा कुलूप असेल. सगळ्यांना मोठ्या गेटातूनच बाहेर यावं लागतं.

तुझी
वेदिका